पुळण, चौपाटी की नुसता किनारा?

तळटीप: एका मासिकासाठी लेख अनुवादतोय, 'बीच'पाशी अडलोय. चित्र फ्रेंच चित्रकार मोनेचं, फ्रान्समधल्या ट्रूव्हील या समुद्रकाठच्या गावचं, १८७० मधलं. मी 'समुद्रकिनारा' लिहिलं. संपादकबाईंचा शेरा: किनारा खडकाळही असतो, इथे तर रंगात वाळूचे कण अडकलेत! (खरंच अडकलेत, वाऱ्यात बसून रंगवल्याचा पुरावा.) काय लिहू?

वेंगुर्लेकर: पुळण. विषय संपला.

शुद्धमती: +१. संस्कृत 'पुलिन'. घरात अस्सल शब्द असताना बीच-बीच करणाऱ्यांची कीव येते.

घाटावरची: आम्हा देशावरच्यांना पुळण म्हटलं की अंगावर पुळ्या आठवतात हो. वाळवंट का नको? चंद्रभागेचं म्हणतोच की.

वेंगुर्लेकर: लिहा, आणि मोनेच्या छत्रीवाल्या बायकोमागे उंट काढा.

रापण: गोव्यात 'दर्यावेळ'. वेळ म्हणजे काठही आणि समयही, संस्कृत 'वेला'त दोन्ही आहेत. भरती-ओहोटी पाहूनच घड्याळ लागत असणार, माझी आपली अटकळ.

गिरगावकर: चौपाटीच! १८६३ मध्ये ट्रूव्हीलला रेल्वे आली आणि पॅरिसची मंडळी नटूनथटून वाळूत खुर्च्या टाकून बसायला लागली. चित्रकार बूदँनं तर त्यांचे घेरदार झगेच रंगवले, समुद्र आपला मागे पट्टीएवढा. पुळण निसर्गाची, चौपाटी माणसांची.

शुद्धमती: चौपाटी म्हणजे भेळ. त्या बायका भेळ खात नाहीयेत.

घाटावरची: पटलं मला गिरगावकरांचं. पण माने (मोने नव्हे, माने! तेही फ्रेंच चित्रकार) यांचं १८७३ चं बेर्कच्या किनाऱ्याचं चित्र बघा. मानेंची बायको नखशिखांत गुंडाळून पुस्तकात बुडालीय, मानेंचा भाऊ समुद्राकडे तोंड करून. दोघंच. ती कुठली चौपाटी?

रापण: वाऱ्यात पान कसं धरून ठेवते कोण जाणे. मी एकदा वाचनालयाचं पुस्तक मिरामारला नेलं होतं. परत करताना ग्रंथपालांनी टेबलावर उलटं धरून झटकलं, शिवणीतून वाळू पडली. दंड झाला.

वेंगुर्लेकर: वाळू नव्हे, रेव.

रापण: रेव जाड असते. शिवणीत शिरेल का?

तळटीप: मजकूर उद्या सकाळी द्यायचाय…

गिरगावकर: द्या की 'चौपाटी'. चौ-पाटी, म्हणजे पाण्याचे चार पाट.

शुद्धमती: चारच का? कोणी मोजले?