डोंगरातलं तळं: शिखराचं प्रतिबिंब आणि तळाचे गोटे एकाच फोटोत कसे आणावेत?

पाणकावळा
मंडळी, सलग तीन दिवस पहाटे उठून तळ्याकाठी बसलो. पाणी इतकं नितळ की काठाजवळचे गोटे, त्यांच्यावरचं शेवाळ, बुडालेली फांदी, सगळं स्वच्छ दिसत होतं. पलीकडे शिखराचं अख्खं प्रतिबिंब. डोळ्यांना दोन्ही दिसतं, फोटोत मात्र एकच येतं. पोलरायझर (चकाकी कापणारा, फिरवता येणारा फिल्टर) पूर्ण फिरवला की गोटे उठून दिसतात पण शिखर मळकट होतं. उलटा फिरवला की शिखर झकास आणि पुढे नुसती पांढरी चकाकी. १६-३५ची वाइड लेन्स आणि ट्रायपॉड आहे. आणखी एखादा फिल्टर घ्यावा का?

तिपाई
फिल्टर नको, आधी ट्रायपॉडची उंची सांगा. प्रतिबिंबासाठी सगळे कॅमेरा पाण्याला टेकवतात, तुम्हीही तेच केलं असणार. सरळ खाली पाहिलं तर पाणी जेमतेम २ टक्के प्रकाश परत पाठवतं, म्हणून तळ दिसतो. नजर तिरपी होत गेली की पाण्याचा आरसा होतो. पोलरायझर सर्वात जास्त काम करतो ते पाण्याशी साधारण ३७ अंशांचा कोन असताना. कॅमेरा पाण्यापासून दीड मीटर उंच ठेवलात तर ती जागा २ मीटर पुढे येते, ३० सेंटिमीटरवर ठेवलात तर ४० सेंटिमीटरवरच! मग गोट्यांना फ्रेममध्ये जागा उरतेच कुठे?

कॅमेरा उंच, फ्रेम उभी, लेन्स थोडी खाली झुकवलेली. पोलरायझर फिरवताना नजर गोट्यांवर नको, शिखराच्या प्रतिबिंबावर ठेवा. ते फिकं पडायला लागलं की तिथेच थांबा.

काठावरचा
तिपाईंशी सहमत, पण माझ्या मते खरी गोम वेगळी आहे. पायाजवळच्या पाण्यात काय प्रतिबिंबित होतंय ते बघा. तिथे उंचावरचं आकाश पडत असेल, आणि ते ढगाळ पांढरं असेल, तर तळ झाकला जाणारच. त्याच जागी काळा कातळ किंवा झाडीची गडद बाजू पडली तर पाणी खिडकीसारखं उघडतं. मी एकदा नुसता चार पावलं डावीकडे सरकलो आणि एका गोट्याला चिकटलेली, वाळूचे कण जोडून केलेली अळीची नळी दिसायला लागली. तोवर तिथे फक्त चकाकी होती. म्हणून ट्रायपॉड लावण्याआधी काठाने फिरून घ्या.

आणि पाण्यात उतरू नका. एकदा गाळ उठला की सकाळ गेली.

पाणकावळा
कॅमेरा खरंच गुडघ्याच्याही खाली होता. फोकस कुठे करू? पाण्यावर केला की लेन्स नुसती चाचपडते.

तिपाई
पाण्याच्या पृष्ठभागावर मुळीच नको. प्रतिबिंबाचा फोकस डोंगराइतकाच लांब असतो, गोटे मात्र हाताच्या अंतरावर. एफ/११ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक ठेवलं की, एक फ्रेम बहुतेकदा पुरते. नाही पुरली तर एक गोट्यांवर, एक शिखरावर, अशा दोन घेऊन नंतर जोडा. ऑटोफोकस बंद, स्क्रीनवर मोठं करून हाताने.

धुकट
मी पोलरायझरच्या दोन स्थितींत दोन फ्रेम घेतो आणि मास्क लावून, म्हणजे प्रत्येकीचा हवा तेवढाच भाग ठेवून, जोडतो. सोपं पडतं. फक्त एक कळकळीचं सांगणं: प्रतिबिंब खऱ्या डोंगरापेक्षा उजळ करू नका. पाण्यात पडलेला डोंगर नेहमी थोडा गडदच असतो, उलटं झालं की फोटो लगेच खोटा वाटतो. हिमनदीच्या पाण्यावरचं दुधाळ निळं तळं असेल तर तळाचा नाद सोडा. दगडाची बारीक पूड पाण्यात तरंगत असते, कुठलाच फिल्टर त्यातून पार बघू शकत नाही.

पाणकावळा
आज दीड मीटरवर लावला, कातळाच्या बाजूने. शिखरावर ऊन, तळं सावलीत, वारा नाही. बुडालेल्या फांदीच्या सालीवरचे बुडबुडेसुद्धा आलेत आणि वर शिखर शाबूत! पोलरायझर अर्ध्याच्याही अलीकडे थांबवला होता. उतार तापले तशी झुळूक सुटली आणि प्रतिबिंब मोडलं, तोवर अकरा फ्रेम झाल्या होत्या. उद्या त्याच जागी अर्धा तास आधी पोचतोय.