मदत हवी आहे: प्रोबायोटिक चालू, तरी सर्दी-ताप थांबेना. कोणती कॅप्सूल?

केळीबाग_रावेर: मुलाला प्रोबायोटिक चालू आहे, रोज दहीही. तरी सर्दी-तापाचा फेरा संपत नाही. आतड्यातले जिवाणू चांगले तर व्हायरसशी लढता येतं म्हणतात ना? मग याहून पॉवरफुल कोणती? नाव सांगा, लेक्चर नको.

सूक्ष्मदर्शी: वय? पाकिटावर कोणता जिवाणू लिहिलाय? अँटिबायोटिक दिलंय का मध्ये?

अमळनेरी: कॅप्सूल सोडा भो, कळण्याची भाकरी द्या. चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालाचे उडीद, जाडं मीठ दळतानाच. पीठ चाळू नका, तंतू (फायबर) बहुतेक कोंड्यातच असतो. तो आंबवून आतड्यातले जिवाणू ब्युटिरेट, ॲसिटेट ही छोटी मेदाम्लं बनवतात. २०१८ मध्ये उंदरांत दिसलंय, तंतूमुळे फ्लूत फुप्फुसाचं नुकसान कमी झालं आणि विषाणूवर तुटून पडणाऱ्या टी पेशी जोमात आल्या.

सूक्ष्मदर्शी: उंदरांना इन्युलिन नावाचा तंतू दिला होता, कळणा नाही. दिशा बरोबर, पण भाकरीनं फ्लू टळतो असं त्यातून निघत नाही.

तापीकाठ: चारास एक? कळणा म्हणजे दोनास एक. ज्वारीच जास्त असेल तर साधी भाकरीच खा की.

केळीबाग_रावेर: वय ६. अँटिबायोटिक देतोच, ताप आला की मागच्या बाटलीतलं उरलेलं. आणि दही म्हणजे कढी, नुसतं खात नाही तो.

सूक्ष्मदर्शी: हे आधी सांगायचं ना! कढी उकळली की दह्यातले जिवाणू मेले. जेवताना ताजं ताक द्या. सर्दी विषाणूची, तिच्यावर अँटिबायोटिक चालत नाही, मरतात ते आतड्यातले जिवाणू. पाणी घालून बनवलेलं सिरप आठवड्या-दोन आठवड्यांत बादही होतं. बाटली फेका. आणि शाळेतल्या पोराला वर्षाला सहा-आठ सर्द्या होतातच.

भरीतप्रेमी: अँटिबायोटिकनंतर तरी प्रोबायोटिक हवंच!

सूक्ष्मदर्शी: हवंच असं नाही. २०१८ मध्येच इस्रायलच्या वाइझमन संस्थेनं तपासलं. अकरा प्रकारचे जिवाणू असलेलं प्रोबायोटिक घेणाऱ्यांत मूळ जिवाणू परतायला उलट उशीर लागला. माणसं मोजकी होती, हे खरं. जुलाब रोखायला काही प्रकार उपयोगी पडतात, तो प्रश्न वेगळा.

भरीतप्रेमी: दही घट्ट लागत नसेल तर दूध कोमट करून विरजण लावा, मातीच्या भांड्यात.

अमळनेरी: घट्ट दही कोणी विचारलंय?

सूक्ष्मदर्शी: @केळीबाग, तंतूचा ढोबळ हिशोब: वय अधिक पाच, म्हणजे रोज सुमारे ११ ग्रॅम. ३५ ग्रॅम पिठाच्या लहान ज्वारीच्या भाकरीत साडेतीनच्या आसपास मिळतो, बाकी डाळ, मटकी, पालेभाजी. एकदम वाढवलं तर पोट फुगेल. आधी अर्धी भाकरी, पाणीही वाढवा. फ्लूची लस झाली नसेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारा. ताप तीन दिवसांवर गेला, धाप लागली किंवा लघवी कमी झाली तर इथे लिहीत बसू नका, दवाखाना गाठा.