पूर बघितल्यापासून पावसाचे फोटो काढवत नाहीत, कुणाला असं झालंय का?

म्हादईकाठ:
नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या सत्तरीतला. लग्नं, मुंजी, बारशी करतो आणि सीझन नसला की पाऊस. म्हणजे करायचो. चोर्ल्याचं धुकं, सुर्लाचे धबधबे, कुळागरात (पोफळीच्या बागेत) गळणारं पाणी, असले फोटो माझे बरेच चालायचे, एका रिसॉर्टच्या जेवणघरात अजून टांगलेत. २३ जुलै २०२१ ला, गुरुपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, म्हादई नदी आमच्या घरात आली. पेपरात १९८२ नंतरचा सगळ्यात मोठा पूर म्हणून आलेलं. त्या दिवशी मी एकही फोटो काढला नाही, कॅमेऱ्याची बॅग माळ्यावर टाकली, शेजारच्या आजींना खुर्चीसकट उचलून वर रस्त्यावर नेलं आणि परत आलो तर पाणी खिडकीच्या गजांना लागलेलं.

फोटो काढले ते नंतर. पाणी उतरल्यावर पंचनामे सुरू झाले, लोकांना नुकसानीचे फोटो जोडायचे होते आणि अर्ध्या वाड्याचे मोबाईल पाण्यात गेलेले, मग मलाच हाका. चार दिवस दुसरं काही नाही. मिक्सर, फ्रीज, फुगलेलं कपाट, कुजायला लागलेलं भात, भिंतीवरची गाळाची रेघ आणि तिच्या बाजूला टेप धरून उभा माणूस. एक काकी तर पंप उलटा करून म्हणाल्या, बाबा नीट काढ, आतली माती दिसली पाहिजे. फ्लॅश समोरून, कॅमेरा सरळ, अँगल वगैरे काही नाही. इतके भिकार फोटो मी जन्मात काढले नव्हते आणि इतकं निरखून माझे फोटो कुणी बघितलेही नव्हते. पाठीमागे उभे राहून स्क्रीनवर झूम करायला लावायचे.

तेव्हापासून पावसात कॅमेरा घेऊन गेलो की हात वर जात नाही. धबधबा बघितला की पहिलं डोक्यात येतं, हे सगळं खाली कुठे जाणार. प्री-वेडिंगवाले म्हणतात पावसात रोमँटिक करून द्या, देतो, पोटाचा प्रश्न आहे. पण लग्नघरात गेलो की नवरा-नवरी सोडून मी देवघर, फडताळ, ओट्यावरची भांडी असलंच काढत बसतो, परवा अल्बम लावणाऱ्या पोराने विचारलं, दादा हे काय घर विकायला काढलंय का. हे जातं का हळूहळू? की आता हे असंच?

बार्देशचा_बाबू:
भाऊ एवढं मनावर घेऊ नको. तौक्ते वादळ आलं, १६ मे २०२१, रविवार होता, माझ्या गाडीवर माड पडला, चार दिवस लाईट नाही, वर कोविड. तरी दुसऱ्या दिवशी मी किनाऱ्यावर गेलो, लाटा जबरदस्त होत्या, काढले फोटो, विकले पण. पाऊस काय तुझ्यावर राग धरून पडत नाही. गिऱ्हाईक ज्याचे पैसे देतं ते काढायचं नि घरी यायचं.

जुना_रोल:
बाबू, गाडीवर माड पडणं वेगळं आणि नदी घरात येणं वेगळं, जाऊदे.
म्हादईकाठ, मी पेपरात होतो, आता रिटायर. १९९३ ला किल्लारीला गेलेलो. ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप, आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपलेले आणि वर दगडमातीची जड माळवदं. मी तिसऱ्या दिवशी पोचलो आणि खरं सांगतो, मी रडणारी बाई शोधत होतो. डेस्कला तेच लागतं. एका म्हाताऱ्याने विचारलं, फोटो कुठे छापणार? मी पेपराचं नाव सांगितलं. तो म्हणाला, आमच्या गावात येत नाही तो. एवढंच बोलला नि ढिगारा उकरायला लागला.
२००४ च्या सुनामीत कडलूरला अर्को दत्ता यांनी काढलेला फोटो तू बघितला असशील, वर्ल्ड प्रेस फोटोचं मोठं बक्षीस मिळालं त्याला. वाळूवर पालथी पडलेली बाई, दोन्ही तळवे आभाळाकडे, आणि गेलेल्या माणसाचा नुसता हात कडेला. थोरच फोटो आहे, त्याने लांबच्या लोकांना कळलं काय झालंय ते. पण तो बाहेरून तिथे गेलेल्याने काढलेला. तुझे पंचनाम्याचे फोटो राहणाऱ्याने काढलेले, ते ज्यांचे होते त्यांच्याच हातात पडले. मला तीस वर्षांत हे एकदाही जमलं नाही. ते भिकार वगैरे म्हणू नको.

वाशिष्ठीची_लेक:
मी फोटोग्राफर नाही, सहज वाचत होते. माहेर चिपळूण, दिलीय पेडण्याला. तुमच्या आदल्या दिवशी, २२ जुलैला, वाशिष्ठी आमच्या घरात होती. आईबाबांच्या लग्नाचा अल्बम पाण्यातून निघाला, भावाने घाईघाईने उन्हात ठेवला आणि वाळून त्याची वीट झाली. पानं ओढून सोडवायला गेलो तर आईचा चेहरा समोरच्या पानावरच्या मामाच्या कोटाला चिकटून आला. मग एका स्टुडिओवाल्या काकांनी सांगितलं की वाळू द्यायचेच नव्हते, ओले असतानाच थंड स्वच्छ पाण्यात सोडून हळूहळू सुटे करायचे, चित्राच्या बाजूला बोट लावायचं नाही आणि सावलीत दोरीवर चिमट्याने टांगायचे. तेवढा वेळ नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये. आता फ्रीजर कुठला, लाईटच नव्हती! पण दुसरा अल्बम तसा धुतला, त्यातले निम्मे तरी वाचले.
आणि ते पंचनाम्याचं, आमच्याकडे भावाने मोबाईलवर काढलेले. त्यात फ्रीजच्या मागे भिंतीवर आजोबांचा फोटो आलाय, काचेच्या आत अर्ध्यापर्यंत पाणी. मूळ फोटो गेला. आता आजोबांचा तेवढाच आहे, फ्रीजच्या मागचा. मोठा करून लावलाय आम्ही.

कोपऱ्यातली_खिडकी:
नाओया हाताकेयामा म्हणून जपानी फोटोग्राफर आहे, त्याचं काम शोधून बघा. चुनखडीच्या खाणी, सुरुंगाने उडणारे दगड, टोकियोच्या पोटातले नाले असं अगदी थंड डोक्याने काढायचा. ११ मार्च २०११ च्या सुनामीत त्याचं गाव रिकुझेनताकाता वाहून गेलं, आई गेली, घर गेलं. तेव्हापासून तो त्या गावाचे फोटो काढतोय, परत परत जाऊन. त्याआधीही गावी गेला की नदीचे, सणांचे, घरगुती असे काढायचा, कुठे दाखवायचे म्हणून नाही, पण गाव गेल्यावर तेच मोलाचे झाले.
मला त्यातलं सगळ्यात लागलं ते हे की गाव उंच करायला नंतर नदीपलीकडचा डोंगर कापला आणि भलामोठा सरकता पट्टा बांधून माती खाली आणली. म्हणजे जन्मभर डोंगर फोडण्याचे फोटो काढलेल्या माणसासमोर शेवटी त्याच्याच गावचा डोंगर फोडला गेला. आपल्या डिचोली-सत्तरीच्या खाणी बघितलेल्याला हे वेगळं सांगायला नको. फोटो अजून तसेच शांत आहेत त्याचे, लांबून काढलेले. पण आधीच्या खाणी बघताना मला कधी प्रश्न पडला नव्हता की इथे कोण राहायचं.
जातं का ते माहीत नाही. त्याचं तरी गेलेलं दिसत नाही.

बार्देशचा_बाबू:
आजोबांच्या फोटोचं वाचून गप्प बसलो. म्हादईकाठ, पावसाचं एखादं काम नको असलं तर माझ्याकडे पाठव, कमिशन देईन 🙂

म्हादईकाठ:
पाठवतो बाबू, जुलैतली दोन आहेत.
ताई, तुमचं वाचून हार्ड डिस्क काढली. ती बॅगेतच होती म्हणून वाचली. चार दिवसांचे सगळे फोटो आता भिंतींसाठी बघतोय, मिक्सरच्या मागे, टेपच्या मागे कोण कोण टांगलेलं आहे ते. आत्तापर्यंत सात सापडले, त्यातले दोन आता हयात नाहीत. पंपवाल्या काकींच्या मागे त्यांचे सासरे आहेत, थोडे हललेत, पण ओळखू येतात. प्रिंट काढायला टाकतोय.
तुमच्या घरी रेघ ठेवली का हो? आम्ही रंग काढला पण खिडकीजवळचा हातभर तुकडा आईने पेंटरला सोडायला लावला, वर कालनिर्णय टांगलंय. पाहुणे आले की कुणाला दिसत नाही, आणि जूनमध्ये पाऊस जोरात लागला की ती स्वतः पान उचलून बघते.