एकदम प्ले दाबा म्हणे! (सुपर एट, सुटा आवाज आणि सिंक)

तबकडीकर:
काल एका सदस्याने इथे ठोकून दिलं: 'घरच्या जुन्या रिळांच्या आवाजाचा एवढा बाऊ कशाला? प्रोजेक्टरशेजारी मोबाईल ठेवा, दोन्ही एकदम सुरू करा, झालं सिंक.' (सिंक म्हणजे पडद्यावरचं चित्र आणि वेगळा वाजणारा आवाज जुळणं.) त्यावर चार जणांचे अंगठे. तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते मारुतीच्या शेपटासारखं वाढलं, म्हणून वेगळा धागा.

सुरुवात शेंबडं पोरही जुळवेल. पुढचं बोला. सुपर एटचं (घरगुती आठ मिलिमीटर फिल्मचं) पन्नास फुटी रीळ म्हणजे ३,६०० फ्रेम. सेकंदाला १८ ने ३ मिनिटं २० सेकंद. प्रोजेक्टर एक टक्का रेंगाळला तर शेवटी आवाज दोन सेकंद पुढे. चारशे फुटी रिळाला सोळा सेकंद. म्हणजे इकडे मंगलाष्टकं संपून बँड सुरू, आणि पडद्यावर अंतरपाट तसाच धरलेला.

बरं, एक टक्का हा उपकारच म्हणायचा. माझी मोटर कार्बन ब्रशवाली, व्होल्टेज पडलं की दमते. खालच्यांनी गीझर लावला तर मला पडद्यावर कळतं. थंडीत ग्रीस घट्ट, पट्टा आखडलेला. दहा मिनिटं रिकामा पळवल्याशिवाय खरा वेग सापडत नाही.

आधीच्या पिढीने यावर डोकं चालवलंय हो. टेपची फीत प्रोजेक्टरच्या कप्पीवरून न्यायची, मध्ये तिचा सैल फास सोडायचा. प्रोजेक्टर मागे पडला की फास वाढणार, दांडी खाली, मोटरला जास्त करंट. नाहीतर बारा दात्यांच्या स्प्रॉकेटवर (फिल्म ओढणाऱ्या दातेरी चाकावर) ७२ पट्ट्यांची चकती. आपल्या ५० हर्ट्झच्या ट्यूबलाइटखाली पट्ट्या थिजल्यासारख्या दिसल्या की वेग सेकंदाला बरोब्बर १६⅔ फ्रेम. (बऱ्याच एलईडी दिव्यांखाली ही चकती आंधळी.) तिसरा प्रकार पल्सचा: स्टीरिओ टेपच्या एका ट्रॅकवर आवाज, दुसऱ्यावर फ्रेमगणिक किंवा चार फ्रेमला एक टिकटिक, म्हणजे पल्स. त्या टिकटिकीवर प्रोजेक्टरचा वेग बांधायचा.

मी शटरसमोर (उजेड झाकणाऱ्या फिरत्या पात्यांसमोर) फोटोडायोड, म्हणजे उजेड टिपणारा भाग, लावलाय. तीन पात्यांचं शटर, १८ फ्रेम, सेकंदाला ५४ झपके. ते मोजून एक छोटं सर्किट मोटरला वेसण घालतं. आवाज मोबाईलवरूनच येतो बरं का. नुसता 'एकदम' येत नाही.

मुक्काम लेस्टर:
तो 'एक सदस्य' मीच. नाव घ्यायला लाज वाटली का? बाबांची नैरोबीची सतरा रिळं आहेत माझ्याकडे, रेग्युलर एट (सुपर एटच्या आधीची आठ मिलिमीटर फिल्म). त्यात बोलतंय कोण? सगळे हात हलवतात, लाजतात, मग सिंह. सिंहाचे ओठ जुळवू? बाबांनीच तेव्हा स्पूलच्या टेपवर केलेली कॉमेंटरी मागे लावतो. ती तीन सेकंद इकडेतिकडे झाली तर कोणाचं घोडं अडतं? तुम्हाला रीळ बघायचंच नाही, मीटर बघायचाय.

खटका-ऑन:
गणित मान्य. पण इंडक्शन मोटरवाल्यांना व्होल्टेजचा एवढा त्रास नसतो, तेव्हा सरसकट ठोकू नका. आणि १९७३ साली कोडॅकने चुंबकीय पट्टीचं सुपर एट आणलं की! शूटिंगच आवाजासकट. भांडण मिटलं.

तबकडीकर:
मिटलं म्हणे. पट्टीवर आवाज चित्राच्या १८ फ्रेम पुढे असतो, १८ च्या वेगाला पूर्ण एक सेकंद. चित्र बघून कात्री लावलीत की वाक्याचं तोंड मागच्या तुकड्याबरोबर गेलं. शिवाय पट्टीतलं लोखंडाचं ऑक्साइड फिल्मच्या ॲसिटेटला लवकर सडवतं. डबा उघडलात की व्हिनेगरचा भपकारा. माझी पट्टीवाली तीन रिळं गेली, बिनपट्टीची त्याच कपाटात धडधाकट आहेत. इंडक्शनचा मुद्दा घ्या, दिला.

सांगलीची सून:
तुमचं दोन सेकंदांचं दुःख ऐकून हसू आलं. आम्ही रिळं डिजिटल करायला एका दुकानात दिली. सोळाने काढलेलं त्याने पंचवीसने पळवलं. सासूबाईंच्या डोहाळजेवणात ओटी भरणाऱ्या बायका कोंबड्या दाणे टिपतात तशा दिसतात. वर बासरी. सगळ्या रिळांना तीच बासरी. आजेसासऱ्यांच्या अंत्ययात्रेलासुद्धा! विचारलं तर म्हणे, 'ताई, मूक होतं, भकास वाटत होतं.' अंत्ययात्रा भकासच असते ना हो?

खटका-ऑन:
ताई, दंडवत. आमच्याकडे संतूर होतं.

वरणभात:
बासरीत वाईट काय? मूकपटांच्या काळीसुद्धा पडद्यापुढे पेटी-तबला वाजायचाच. माझी मुलं मुकं रीळ दोन मिनिटंही बघत नाहीत. बासरी टाकली तर पाच मिनिटं बसली.

सांगलीची सून:
पेटीवाला समोरचं चित्र बघून वाजवायचा. दुकानदाराने काही बघितलं असतं तर तिरडी दिसली असती. आणि मुलं बसत नसतील तर शेजारी बसून सांगा, ही पणजी, हा वाडा. ते जमत नाही म्हणून बासरी.

वरणभात:
माझ्या घरात कसं बसायचं ते सांगलीहून ठरणार का? मला पणजीचं नावही माहीत नाही, सांगणारे सगळे गेले. तुमच्याकडे माणसं शिल्लक आहेत म्हणून हा तोरा.

तबकडीकर:
मंडळी, अवांतर पुरे. धागा सिंकचा आहे.

सांगलीची सून:
माफ करा वरणभात, तसं म्हणायचं नव्हतं. बासरीबद्दलचं मत मात्र तेच. आणि तबकडीकर, चित्राला कुठला आवाज लावायचा हे अवांतर कसं? तुमचा फोटोडायोड त्या बासरीलाही बरोब्बर सिंकमध्ये ठेवेल.

तबकडीकर:
ठेवेल. लाजिरवाणी गोष्ट आहे, पण ठेवेल.

जुना दादरकर:
माझी मुंज, १९७४. काकांनी परदेशातून कॅमेरा आणलेला, वडिलांनी स्पूलचा टेप लावून ठेवलेला. कॅमेरा तुकड्यातुकड्यांत, टेप सलग. वडिलांनी नंतर महिनाभर टेप कापून चिकटवून जमवलं. दाखवताना ते टेपपाशी उभे. चित्र मागे पडलं की फीत सोडणाऱ्या स्पूलवर अंगठा टेकवायचे, आवाज किंचित जड व्हायचा आणि जुळायचा. भटजींचा 'भवति भिक्षां देहि' जरा रेकायचा, आम्ही पोरं खिदळायचो. वडील गेले. टेप डिजिटल केलाय, प्रोजेक्टरही चालतो, पण भिक्षावळ माझ्या ताटात पडते तेव्हा आवाजात पंगत बसलेली असते. ना सर्किट होतं, ना वेग धरून ठेवणारा क्रिस्टल.

मुक्काम लेस्टर:
बघा! अंगठ्याने भागत होतं. हेच मी ओरडून सांगतोय.

तबकडीकर:
वाचता येतं ना? तो अंगठा म्हणजेच सिंक. माझं सर्किट तेच करतं, फक्त तुमच्या आवाजाला हात न लावता मोटरला धरतं. दादरकर, तुमचं काम सोपं आहे. रीळ फ्रेम-बाय-फ्रेम स्कॅन करून घ्या, दुकानदाराला निक्षून सांगा की वेग मी ठरवणार. मग कॉम्प्युटरवर एकेक तुकडा आवाजाखाली सरकवा. कापलेल्या टेपच्या जोडावर बारीक खट्ट ऐकू येईल, तीच वडिलांची खूण.

जुना दादरकर:
खट्ट येतो. मी समजत होतो टेप खराब झाला.

मुक्काम लेस्टर:
आता खट्टवरून विषय निघालाय म्हणून. बाबांच्या त्या टेपवर डाव्या बाजूला आवाज आहे आणि उजव्या बाजूला नुसती टकटक, सेकंदाला चारएक, शेवटपर्यंत. मला वाटलं मशीन बिघडलेलं. मी ती बाजू काढून टाकली आणि फाइल मोनो केली.

तबकडीकर:
रेग्युलर एट. सेकंदाला सोळा फ्रेम. चार फ्रेमला एक पल्स.

खटका-ऑन:
अरे देवा.

सांगलीची सून:
म्हणजे यांच्या बाबांनी कॉमेंटरी सिंहाला जुळवूनच केली होती!

तबकडीकर:
मूळ स्पूल टाकलं नाहीत ना?

मुक्काम लेस्टर:
लॉफ्टमध्ये असेल. शनिवारी शिडी लावतो. सर्किटचा नकाशा इथे चिकटवून ठेवा. तुमचं म्हणणं पटलं असा याचा अर्थ नाही.