मदत हवी आहे: घरी व्हॉइस ओव्हरसाठी माईक कोणता? (तातडीचे)

शेवंती | मंगळवार, २१:१०
नमस्कार. घरून व्हॉइस ओव्हरची कामं घ्यायची आहेत. ५ हजारांपर्यंत चांगला माईक सुचवा. आत्ता आहे त्यात सतत सर्र आवाज येतो आणि त्यापायी सँपल परत आलं. शुक्रवारी पुन्हा द्यायचं आहे. यूट्यूबवर दर माणशी वेगळं नाव, बघून बघून डोकं उठलं. कृपया थेट मॉडेल सांगा.

वायरमन | मंगळवार, २१:२२
आत्ताचा माईक कोणता? कशाला जोडता, फोनला की लॅपटॉपला? पिन कुठली? खोली केवढी, त्यात सामान काय? वाचताय काय, जाहिरात की पुस्तक? सँपल परत करताना कारण काय लिहिलं? एवढं कळल्याशिवाय मॉडेल सांगणं म्हणजे डोळे न तपासता चष्म्याचा नंबर देणं.

मध्यसप्तक | मंगळवार, २१:३०
रोड एनटी१, पाचवी पिढी. माईकचा स्वतःचा नॉइज फक्त ४ डीबीए (डेसिबल). सर्र आवाजाचा प्रश्नच मिटला. आधी स्वस्तातला घ्यायचा, मग तो पडेल भावात विकायचा आणि शेवटी हाच घ्यायचा, हा द्राविडी प्राणायाम कशाला?

गवतीचहा | मंगळवार, २१:३४
धाग्यात ५ हजार लिहिलंय हो. त्यात इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारा डबा), केबल आणि स्टँड पण बसवायचाय.

मध्यसप्तक | मंगळवार, २१:३९
पाचव्या पिढीला एक्सएलआरबरोबर (स्टुडिओतली तीन पिनांची जोडणी) यूएसबी-सीसुद्धा आहे. थेट लॅपटॉपला लागतो, इंटरफेस नको. बजेटचं म्हणाल तर चांगली वस्तू थांबून घ्यावी.

गवतीचहा | मंगळवार, २१:४१
शुक्रवारपर्यंत थांबून?

तुणतुणं | मंगळवार, २१:५२
घरगुती कार्यक्रमाला दोन कॉर्डलेस माईकचा सेट बरा पडतो. यूएचएफ बघून घ्या. ब्लूटूथवाला नको, त्यात आवाज मागून येतो आणि कराओकेचा ताल चुकतो. सेल मात्र चांगल्या प्रतीचे टाका.

शेवंती | मंगळवार, २२:०५
गायचं नाही हो, वाचायचं आहे.
@वायरमन, माईक साधा कंडेन्सर (वीज लागणारा, बारीक आवाजही टिपणारा) आहे, ऑनलाइन घेतलेला. बीएम-८०० नावाने मिळतो तसा, स्टँड आणि जाळीसकट. लॅपटॉपला हेडफोनच्या भोकात लावते. खोली म्हणजे आपली नेहमीची बेडरूम. ऑडिओबुकचं सँपल होतं, 'नॉइज फ्लोअर -४८, -६० हवा' एवढंच लिहून परत आलं. पण हे सगळं कशाला? नाव सांगा ना एखादं.

वायरमन | मंगळवार, २२:३१
कशाला ते सांगतो, कारण उद्या नवा माईक आणूनही आकडा -४८च राहू शकतो.

ऑडिओबुकवाले साधारण ऑडिबलच्या एसीएक्सचे (ऑडिओबुक बनवून विकायचा मंच) आकडे धरून चालतात: आवाजाची सरासरी पातळी, म्हणजे आरएमएस, -२३ ते -१८ डीबीच्या (डेसिबल) मध्ये, सर्वांत उंच टोक -३ च्या खाली, आणि तुम्ही गप्प असतानाची पातळी, म्हणजे नॉइज फ्लोअर, -६० किंवा त्याहून खाली. म्हणजे तुमचा आवाज -२० धरला तर बोलणं आणि शांतता यांत ४० डीबी अंतर हवं. तुमचं आहे २८. हे १२ डीबी गेन (माईकचा सिग्नल किती मोठा करायचा ते) वाढवून मिळत नाहीत. गेन वाढवला की आवाजाबरोबर सर्रही तितकीच वर येते.

आता तुमची जोडणी. अशा माईकला खरं तर ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (केबलमधूनच माईकला मिळणारी वीज) हवा. लॅपटॉपच्या ३.५ मिमीच्या भोकातून २ ते ५ व्होल्टच येतात. त्यावर यातले बरेच माईक चालतात, पण जेमतेम. सिग्नल बारीक आला की विंडोज किंवा तुम्ही बूस्ट वर नेता, आणि लॅपटॉपच्या स्वस्त प्रीअँपची (सिग्नल मोठा करणारा भाग) सर्र त्यातून वाजते. शिवाय भोक एकच असेल तर ते चार पट्ट्यांच्या पिनेसाठी असतं. तुमच्या माईकची पिन तीन पट्ट्यांची असेल तर लॅपटॉप तिला माईक म्हणून ओळखतच नाही, आणि रेकॉर्ड होतो तो स्क्रीनजवळचा आतला माईक. तपासायला सोपं: रेकॉर्डिंग चालू करून आधी मोठ्या माईकच्या जाळीवर नखाने खरवडा, मग स्क्रीनच्या वरच्या कडेवर. जिथलं मोठं ऐकू येईल तो माईक चालू आहे.

मग कंट्रोल पॅनल, साउंड, रेकॉर्डिंग, माईकवर डबल क्लिक, लेव्हल्स. तिथे 'मायक्रोफोन बूस्ट' किती आहे ते सांगा. आणि चार्जर काढून १० सेकंद शांतता रेकॉर्ड करा.

दगडू_इंजिनियर | मंगळवार, २२:४०
फँटम पॉवरचा वेगळा डबा मिळतो, तो मध्ये लावा. काम फत्ते.

वायरमन | मंगळवार, २२:४४
नाही होत. डब्याने माईकला ४८ व्होल्ट मिळतील, सिग्नल थोडा सुधारेल. पण पुढे तो जातो त्याच लॅपटॉपच्या प्रीअँपमध्ये. पैसे घालायचेच तर यूएसबी इंटरफेसमध्ये घाला, त्यात फँटमही असतो आणि बरा प्रीअँपही.

खर्ज | बुधवार, ०७:१५
बेडरूममध्ये कंडेन्सर लावायचाच नाही. डायनॅमिक (वीज न लागणारा, कमी संवेदनशील माईक) घ्या: सॅमसन क्यू२यू किंवा ऑडिओ-टेक्निका एटीआर२१००एक्स, दोन्हींना यूएसबी आणि एक्सएलआर. बजेट ताणायचं नसेल तर फिफाइन एएम८. तोही दोन्ही प्रकारे चालतो. फक्त एक्सएलआरवर लावला की त्याची बटणं आणि गेनची चकती बंद असते, म्हणून तुम्ही यूएसबीच वापरा. डायनॅमिकला खोली ऐकूच येत नाही.

मध्यसप्तक | बुधवार, ०८:०२
हे यूट्यूबचं ज्ञान. दोन्ही कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारे) असतील आणि दोन्हींपासून तुम्ही सारख्याच अंतरावर असाल, तर खोली जवळपास सारखीच ऐकू येते. डायनॅमिक 'शांत' वाटतो कारण त्याला तोंड चिकटवून बोलावं लागतं. उलट त्याचा सिग्नल बारीक. शुअर एसएम५८ या डायनॅमिकची संवेदनशीलता १.८५ मिलिव्होल्ट प्रति पास्कल, एटी२०२० या कंडेन्सरची १४ च्या आसपास. म्हणजे एसएम५८ला साधारण १८ डीबी जास्त गेन हवा. स्वस्त इंटरफेस तिथे सर्र करायला लागतो.

खर्ज | बुधवार, ०८:२०
चिकटवून बोलावं लागतं म्हणूनच सांगतोय! नवशिका कंडेन्सर वीतभर लांब ठेवतो आणि मग खोली घुमते म्हणून रडतो. डायनॅमिक त्याला आपोआप शिस्त लावतो. आणि यूएसबी डायनॅमिकचा प्रीअँप त्याच्याच मापाने आत बसवलेला असतो, एसएम५८चे आकडे इथे गैरलागू.

वायरमन | बुधवार, ०८:४१
दोघांचंही अर्धं बरोबर. अंतर निम्मं झालं की आवाज ६ डीबी वर येतो, खोलीची आणि यंत्राची सर्र तिथेच राहते. शेवंतीताई, तोंड आणि माईक यांत वीतभर अंतर असेल तर अर्ध्या विताने ६ डीबी फुकट. चार बोटांवर आलात तर साडेनऊच्या घरात.

पण मराठीत जवळ गेलं की फ, भ, प, ख, थ छळतात. हवेचा झोत थेट माईकच्या आतल्या पडद्यावर आदळतो आणि 'धप्' ऐकू येतं. म्हणून माईक समोर नको, तोंडाच्या कोपऱ्याच्या बाजूला ३० ते ४५ अंशांवर ठेवा आणि त्याचं तोंड तुमच्या ओठांकडे वळवा. हवा अडवणारी वेगळी जाळी माईकपासून तीन बोटं पुढे, माईकला टेकवलेली नको. चाचणीला 'भाताची फोडणी फसली, खापर भाऊवर फुटलं' असं काहीतरी म्हणा. तळहात माईकच्या जागी धरून म्हटलंत तर झोत कुठे लागतो ते हातालाच कळेल. जवळून बोलल्यावर आवाज जाड होतो, त्यासाठी ऑडॅसिटीत (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) ८० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचे जाड सूर कापणारा फिल्टर) लावा, बाईच्या आवाजाला १०० पण चालतो.

आणि तुमच्या माईकमध्ये वरच्या टोकात बोलायचं नसतं, कडेने बोलायचं. ज्या बाजूला छाप किंवा खूण असते ती बहुधा पुढची. टोकात बोलत असाल तर निम्मा आवाज तिथेच गेला.

अंड्याचा_ट्रे | बुधवार, ०९:१०
भिंतीला अंड्यांचे ट्रे लावा. स्वस्त आणि मस्त.

गवतीचहा | बुधवार, ०९:१४
नावाला जागलात. ट्रेचा कागद पातळ असतो, माणसाच्या आवाजातली जाड पट्टी त्याला दादच देत नाही. इंचभर फोमचंही तेच: वरचे चरचरीत आवाज खातो, २००-३०० हर्ट्झचा घुमारा तसाच ठेवतो, आणि खोली डब्यासारखी वाजायला लागते. घरात जाड गोधडी असेलच. ती भिंतीपासून चार-सहा इंच सोडून दोरीवर टांगा. कुठे, तर वाचणाऱ्याच्या पाठीमागे. सगळे माईकच्या मागे लावतात. पण कार्डिऑइडला मागचं कमी ऐकू येतं, तो बघतो तुमच्याकडे आणि तुमच्या पाठीमागच्या भिंतीकडे. दुसरी गोधडी बाजूला, तिसरी उरलीच तर डोक्यावर. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट पाठीशी घेतलं तरी चालतं.

फिरता_रंगमंच | बुधवार, ०९:३०
यापेक्षा फोन आणि कॉलर माईक सोपा. बोया बीवाय-एम१, ६ मीटर वायर. कळ 'स्मार्टफोन'वर ठेवा, कॅमेऱ्यासाठी फिरवली की आतला एलआर४४ सेल संपत राहतो.

खर्ज | बुधवार, ०९:३८
तो ओम्नी आहे. चहूबाजूंचं सगळं सारखं ऐकतो. मुलाखतीला उत्तम, -६० ला नाही.

शेवंती | बुधवार, १३:२०
खरवडून बघितलं, मोठाच माईक चालू आहे. मी टोकातच बोलत होते :( बूस्ट +३० होता, +१० केला. चार्जर काढल्यावर एक घूं असा आवाज होता तो गेला. कडेने, जवळून बोलले. आता ऑडॅसिटीच्या ॲनालाइझमधलं मेझर आरएमएस -५३ दाखवतं. आवाज -२० वरच आणलाय. अजून ७ डीबी कुठून आणू? नॉइज रिडक्शन ३० वर केलं तर -७० येतंय, ते चालेल का?

वायरमन | बुधवार, १३:३५
घूं म्हणजे ५० हर्ट्झची गुणगुण. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसतं, त्यातून येते. बॅटरीवरच रेकॉर्ड करा.

नॉइज रिडक्शन ३० नको. शब्दांच्या शेपट्या कापल्या जातात, 'स' आणि 'श' पाण्याखालून आल्यासारखे होतात, तपासणाऱ्याला लगेच कळतं. ६ ते ८ डीबीच्या वर जाऊ नका. नॉइज गेट लावून शांतता पूर्ण शून्यही करू नका. दोन वाक्यांमध्ये खोलीचा आवाज एकदम नाहीसा होतो आणि कानाला खटकतो.

बाकी खोलीत त्या वेळी काय काय चालू होतं?

शेवंती | बुधवार, १३:४१
काही नाही. फक्त पंखा, तोही २ वर.

गवतीचहा | बुधवार, १३:४३
_/\_

वायरमन | बुधवार, १३:४८
पंखा बंद. शेजारच्या खोलीत फ्रिज असेल तर मधलं दार लावा. त्याचं बटण बंद केलंत तर चालू करायची चिठ्ठी लॅपटॉपवर चिकटवा. लॅपटॉपचा स्वतःचा पंखा माईकच्या नेमक्या पाठीमागे येईल असा ठेवा, कार्डिऑइड तिथलं सर्वांत कमी ऐकतो. दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे करून वाचा आणि मध्ये पंखा लावून घ्या. सुरुवातीला काहीही न बोलता ५ सेकंद रेकॉर्ड करा, मोजायला आणि तुकडे जोडायला लागतात. मोजताना श्वासाचा भाग निवडीत घेऊ नका.

तुणतुणं | बुधवार, १४:१०
तोंडात चिकचिक आवाज येत असेल तर आधी हिरवं सफरचंद खा. दूध-दही नको. कोमट पाणी.

मध्यसप्तक | बुधवार, १४:१५
अवांतर: सफरचंद बरेच जण खातात, पण चिकचिकीचं मुख्य कारण कोरडं तोंड. वाचायला बसायच्या दोन तास आधीपासून पाणी पीत राहा, ऐन वेळी घोट घेऊन फारसं काही होत नाही.

शेवंती | बुधवार, २२:५०
पंखा बंद, पाठीमागे गोधडी, फ्रिजचं दार लावलं म्हणजे स्वयंपाकघराचं. -५९. नॉइज रिडक्शन ६ वर केलं तर -६० च्या खाली जातंय. पण गोधडीत घामाने भिजले.
सँपल पाठवताना व्हॉट्सॲपवर चालेल? आणि आता माईक घेऊ की नको? घ्यायचाच तर डायनॅमिक की कंडेन्सर, एकच काय ते सांगा.

वायरमन | बुधवार, २३:०४
व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून नको, आकसतं. डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हची लिंक. एमपी३, १९२ केबीपीएस कॉन्स्टंट, ४४.१ किलोहर्ट्झ, मोनो. खोक्यावर '१९२ किलोहर्ट्झ' छापलेल्या माईकच्या मागे लागू नका, शेवटी फाईल ४४.१ चीच मागतात.

शुक्रवारचं आहे त्यावर द्या. नंतर घ्या, कारण ३.५ मिमीची जोडणी लंगडीच आहे, पूर्ण पुस्तकात रोज नवा त्रास देईल. ५ हजारांत यूएसबी डायनॅमिक.

मध्यसप्तक | बुधवार, २३:१०
किंवा आहे तोच कंडेन्सर आणि फँटमवाला साधा इंटरफेस, बेहरिंगर यूएम२ सारखा. ३.५ मिमीची वायर टाकून सरळ एक्सएलआर-एक्सएलआर केबल लावा. पुढे माईक बदलला तरी इंटरफेस वाया जात नाही.

खर्ज | बुधवार, २३:१२
म्हणजे परत तीच गाडी त्याच वळणावर. तो माईक इंटरफेसवरही जरा चरचरीतच वाजेल, 'च' आणि 'स' टोचतील.

मध्यसप्तक | बुधवार, २३:१५
टोचले तर डी-एसर (टोचणारा 'स' दाबणारा फिल्टर) ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्टीत. त्यासाठी नवा माईक?

रिक्षावाला_नाही | गुरुवार, ००:२०
इथेच विचारतो, बाहेर रील शूट करताना फोनमध्ये वाऱ्याचा फडफड आवाज येतो. ॲप सांगा.

गवतीचहा | गुरुवार, ०७:४५
ॲपने जात नाही, माईकवर केसाळ टोपी लावा, डेडकॅट म्हणून मागा. आणि नवा धागा काढा की राव.