मदत हवी आहे: काठमांडूच्या कॅसिनोतली नोकरी
नमस्कार मंडळी. पंचवटीतला माझा भाचा हॉटेल मॅनेजमेंट झालाय. त्याला काठमांडूच्या एका कॅसिनोत पत्ते वाटायची नोकरी आलीय. ताई म्हणते, "जुगाराच्या अड्ड्यावर पोरगं?" तिचंही बरोबरच. आपला १९७६ चा महाराष्ट्र कॅसिनो कायदा कधी लागूच झाला नाही, शेवटी २०२३ मध्ये विधिमंडळाने रद्द केला; गोव्यात मात्र परवान्याने चालतं. नेपाळात परवाना पर्यटन विभाग देतो, आणि गंमत म्हणजे खेळायला खुद्द नेपाळ्यांनाच बंदी! ऑफर लेटरवर हॉटेलचा गोल शिक्का ठसठशीत आहे, परवाना क्रमांकाची जागा कोरी. परवाना चालू आहे का, हे नाशकात बसून कसं तपासायचं? तिकडे काम केलेलं कुणी आहे का? सोमवारपर्यंत होकार कळवायचाय.