मदत हवी आहे: काम करून आणल्यापासून ब्रेक पेडल मऊ, मास्टर सिलिंडर बदलू का?

वाईकरीण
नमस्कार मंडळी. पेट्रोल हॅचबॅक, ९ वर्षं जुनी, पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. रोज वाईहून पाचगणी, म्हणजे जाता-येता पसरणी घाट आहेच.

पुढचं एक चाक जाम होत होतं, म्हणून पावसाळ्याआधी दोन्ही कॅलिपर (डिस्कवर पॅड आवळणारे भाग) उतरवून रबर सीलचं किट टाकलं. पॅड नवे, ब्रेक ऑइलही नवं. गाडी हातात आली तेव्हापासून पेडल लिबलिबीत आहे. पहिल्या दाबात अर्ध्याच्या खाली जातं. लगेच पुन्हा दाबलं की वर येतं आणि पकडही येते. कामाआधी असं अजिबात नव्हतं. ब्रेक लाइनमधली एअर परत काढून घेतली, काडीचा फरक नाही. आता मिस्त्री म्हणतात मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा पंप) गेला. ऑइलची पातळी कमी होत नाही, गाडीखाली डाग नाही.

पैसे घालायला हरकत नाही, पण तो बदलूनही पेडल असंच राहिलं तर काय? जाणकारांनी सांगावं.

पाना-पक्कड
ताई, उलगडा होईपर्यंत घाटात ही गाडी नेऊ नका. एसटीने जा.

मास्टर सिलिंडर तपासायला पैसे लागत नाहीत. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणारा भाग) व्हॅक्यूम संपेल. मग एकसारखा जोर देऊन अर्धा मिनिट दाबून धरा. बाहेर गळती नसताना पेडल हळूहळू खाली बसत गेलं, तर आतलं रबर ऑइल मागे सोडतंय आणि मिस्त्रींचं खरं आहे. जागच्या जागी थांबलं तर सिलिंडरला सध्या हात लावू देऊ नका. पाय तसाच ठेवून इंजिन चालू केलंत की पेडल किंचित खाली जाईल. तो बूस्टर चालू असल्याचा पुरावा, त्याला घाबरायचं नाही.

दुसरं, सपाट जागी हँडब्रेक पूर्ण ओढा आणि मग पेडल दाबून बघा. आता ते वरच लागलं तर मागचे शू (ड्रमला आतून घासणारे भाग) ड्रमपासून लांब राहिलेत, नुसती अ‍ॅडजस्टमेंट हवी. फरक पडला नाही तर दुखणं पुढच्या चाकांत शोधा.

रातराणी
एक बाळबोध शंका. एसटीचा ब्रेक तर हवेवरच लागतो म्हणतात, मग कारमध्ये हवा गेली तर एवढं काय बिघडतं?

पाना-पक्कड
एसटीत कंप्रेसर आहे, टाक्या आहेत, हवा आधीच दाबून भरलेली असते. कारमध्ये पायाचा जोर ऑइलमार्फत चाकापर्यंत जातो. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. त्यामुळे लाइनमध्ये बुडबुडा असला की पेडलचा निम्मा प्रवास त्यालाच चेपण्यात जातो.

घाटमाथा
ऑइल कोणतं टाकलंय ते ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर छापलेल्याशी ताडून बघा. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ (डॉट म्हणजे ऑइलची प्रत) ची किमान उकळणपातळी कोरडं असताना २०५ अंश, पाणी मुरल्यावर १४०. डॉट ४ ची २३० आणि १५५. घाटात सतत ब्रेकवर पाय ठेवला की जुनं ऑइल कॅलिपरमध्ये उकळून वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. अर्थात तुमचं पेडल थंड गाडीतही मऊ आहे, त्यामुळे हे कारण वाटत नाही. फक्त नवं ऑइल सीलबंद डब्यातलंच होतं ना, तेवढं विचारा.

वाईकरीण
दोन्ही करून पाहिलं. दाबून धरल्यावर पेडल खाली बसत नाही. हँडब्रेक ओढून काही फरक नाही. ऑइल डॉट ४, झाकणावरही तेच, डबा माझ्यासमोर फोडला होता.

ड्रमवाला
मग एक प्रश्न. कॅलिपरवरचा एअर काढायचा निपल वर आहे की खाली? स्टेअरिंग पूर्ण वळवलं की चाकामागे बॅटरीच्या उजेडात दिसेल.

वाईकरीण
खाली! दोन्ही बाजूंना. रबरी पाइपलाही पीळ पडलेला दिसतोय.

ड्रमवाला
सापडलं. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसलाय. बऱ्याच गाड्यांत तो बिनतक्रार बसतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. हवा वर चढते, निपल तळाला. कितीही ऑइल काढा, वरचा बुडबुडा आतच. अदलाबदल करून घ्या. पीळ पडलेला पाइप फुगलेला वा चिरलेला असेल तर तोही बदला.

एअर काढताना पेडल पार तळाला दाबू देऊ नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या सिलिंडरचा एरवी न वापरला जाणारा भाग आतून गंजलेला असतो, त्यावर रबर घासलं की चांगला सिलिंडरही खरंच जातो. चाकांचा क्रम गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवा, रंग खातं.

वाईकरीण
केलं! मिस्त्रींनी कुरकुर न करता फुकट करून दिलं. पेडल वर आणि घट्ट. पाइप ठीक आहेत. मात्र डाव्या पॅडवर ऑइल सांडलंय. पॉलिश पेपर मारून चालेल म्हणतात. चालवू?

पाना-पक्कड
नको. पॅडमध्ये ऑइल मुरतं, वरून घासून निघत नाही, आणि ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड जोडीने बदला, डिस्कही ब्रेक क्लीनरने पुसा. आणि पहिली चक्कर वाईतच, सपाटीला.